‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ : खरंच पडत नाहीत, की सकाळी हाती लागत नाहीत?

अर्धजागा

स्वप्नांचा विषय निघाला की एखादा तरी छातीठोकपणे सांगतो, मला कधी स्वप्नच पडत नाही. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: पडतात सगळ्यांनाच, तुला आठवत नाहीत एवढंच. गंमत अशी की पुरावा दोघांकडेही नसतो. पहिल्याला आठवण नाही, आणि दुसरा त्याच्या डोक्यात शिरून आलेला नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. जे आठवतच नाही ते घडलं होतं, हे कशावरून ठरवलं? दोन माणसं सारखीच सात तास झोपतात. एकाला सकाळी तीन स्वप्नं सांगता येतात आणि दुसऱ्याची पाटी कोरी, असं का? हा स्मरणशक्तीचा प्रश्न दिसत नाही, कारण कोऱ्या पाटीवाल्यांत तल्लख स्मरणशक्तीची माणसंही असतात. आणि स्वतःवर तपासून बघायचं असेल तर नेमकं काय करायचं?

स्वप्नांचे अर्थ, शुभ-अशुभ, ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ यातलं काही नको.

---

निद्रालेख

कशावरून ठरवलं? झोपेतून उठवून विचारलं. ऐकायला बाळबोध वाटतं, पण मूळ पद्धत अजूनही हीच आहे.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी एक नोंद केली. झोपलेल्या माणसाचे डोळे बंद पापण्यांखाली अधूनमधून झरझर फिरतात. हीच ती रेम (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळ्यांच्या झरझर हालचालींची) झोप. त्या टप्प्यात त्यांनी २७ वेळा लोकांना उठवलं आणि २० वेळा तपशीलवार स्वप्न ऐकायला मिळालं. १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी हाच प्रयोग वाढवला. रेममधून १९१ वेळा उठवल्यावर १५२ वेळा स्वप्न सांगितलं गेलं, इतर झोपेतून १६० वेळा उठवल्यावर फक्त ११ वेळा.

तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा प्रयोग १९५९ चा आहे, डोनाल्ड गुडइनफ आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी मुद्दाम दोन टोकं निवडली. एका गटाला स्वप्नं रोजची, दुसऱ्या गटाला महिन्यातून एकही धड आठवत नसे. दोघांनाही रेममधून उठवलं. पहिल्या गटाने दहातल्या नऊ वेळा स्वप्न सांगितलं, दुसऱ्याने जवळपास निम्म्या वेळा. म्हणजे घरी महिनोन्महिने कोरी पाटी असणारी माणसंही ऐन वेळी उठवली की स्वप्न सांगतात. पण निम्म्याच वेळा! वेळ साधूनही दरी पूर्ण बुजली नाही. ‘सगळा विसरण्याचा खेळ आहे’ म्हणणारे हा उरलेला अर्धा भाग सहसा सांगत नाहीत.

दुसरा पुरावा बघायला माणसाच्या सांगण्याची गरजच पडत नाही. रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे करून ठेवतो. काहींच्या बाबतीत हा लगाम सुटतो. मग स्वप्नातला ठोसा खरोखर मारला जातो, स्वप्नातलं भांडण तोंडाने ऐकू येतं. याला रेम निद्रावर्तन विकार म्हणतात. पॅरिसमध्ये इझाबेल आर्नुल्फ यांच्या गटाने अशा २८९ रुग्णांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या मोजक्या लोकांनी सांगितलं होतं की दहा वर्षांत एकही स्वप्न आठवत नाही. काहींना तर आयुष्यात कधीच नाही. पण रात्रीच्या चित्रीकरणात तीच माणसं झोपेत वाद घालताना, कुणाशी तरी झुंजताना दिसली. रेममधून उठवून विचारलं तरी उत्तर एकच: काही नाही. बाहेरून इतकं उघड दिसणारं नाट्य आतल्या माणसाच्या हाती लागत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट नमुना मला तरी माहीत नाही.

---

कूसबदल

@निद्रालेख, १९५७ च्या त्या ‘१६० पैकी ११’ वर फार भार टाकू नका. उत्तर प्रश्नावर अवलंबून असतं. डेव्हिड फोल्क्स यांनी १९६२ मध्ये ‘स्वप्न पडलं का?’ असं न विचारता ‘डोक्यात काय चाललं होतं?’ असं विचारलं, आणि रेमबाहेरच्या झोपेतूनही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही हाती आलं. एखादा विचार, एखादं चित्र, अर्धवट वाक्य.

‘मला स्वप्नं पडत नाहीत’ या समजुतीचं एक मूळ इथेच आहे. स्वप्न म्हणजे रंगीत, लांबलचक, कथानक असलेला चित्रपट अशी कल्पना असेल तर ‘कपाट उघडत नव्हतं आणि उशीर होत होता’ एवढा तुकडा माणूस मोजतच नाही.

अर्धजागा, स्मरणशक्तीबद्दल तुमची शंका रास्त आहे. आपण जिला चांगली स्मरणशक्ती म्हणतो ती जागेपणी साठवलेलं बाहेर काढण्याची असते. इथे अडचण साठवतानाच येते. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. नॉरॲड्रेनॅलिनचा मुख्य पुरवठा तिथून होतो, आणि घटना मनावर ठसायला ते रसायन लागतं. रेम झोपेत हा पुंजका जवळजवळ गप्प असतो. कपाळामागचा, घटनांची संगती लावणारा भागही मंदावलेला असतो. त्यामुळे स्वप्न कितीही ठसठशीत असलं तरी ते पाण्यावरची रेघ. शिवाय विसरण्याची सोय मेंदू स्वतःच करतो असंही दिसतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या अशा पेशी दाखवल्या, ज्या रेममध्ये चालू असताना आठवणी पुसट होतात आणि बंद केल्या की टिकतात. प्रयोग उंदरांवरचा आहे, तो माणसाच्या स्वप्नापर्यंत जसाच्या तसा ताणू नये.

रेघ टिकायची तर ती पुसायच्या आत जाग यायला हवी, आणि नुसती क्षणाची नाही, थोडी रेंगाळलेली. फ्रान्समधल्या ल्यों शहरात पेरिन रुबी आणि सहकाऱ्यांनी भरपूर स्वप्नं आठवणारे आणि क्वचित आठवणारे यांची तुलना केली. झोप लागल्यापासून सकाळपर्यंत मधल्या जागेपणाची बेरीज पहिल्या गटात सुमारे ३० मिनिटं भरली, दुसऱ्यात सुमारे १५. आजूबाजूच्या आवाजांना पहिल्या गटाचा मेंदू जास्त प्रतिसादही देतो. थोडक्यात, ज्याची पाटी कोरी तो बहुतेकदा चांगला झोपलेला असतो. त्याची कीव करायचं कारण नाही, हेवा वाटला तर समजू शकतो.

वेळेचा हिशेबही बघा. हलकी झोप, गाढ झोप, मग रेम असं झोपेचं एक आवर्तन सरासरी दीड तासाचं, रात्रीतून चार-पाच आवर्तनं. पहिल्या आवर्तनात रेम जेमतेम दहा मिनिटं, शेवटच्यात अर्धा तास किंवा जास्त. साखरझोप म्हणतो ती हीच. आठ तासांऐवजी सहा तास झोपणारा झोपेचा पाव भाग गमावतो, पण रेमचा त्याहून बराच मोठा वाटा. रोज गजर लावून साखरझोप तोडायची आणि वर स्वप्नं पडत नाहीत म्हणायचं, हा प्रकार फार सर्रास दिसतो.

आणि समजूत इतकी पक्की का असते? कारण विसरल्याचीच आठवण नसते. छत्री कुठे राहिली हे आठवलं नाही तरी छत्री होती हे ठाऊक असतं. इथे छत्री होती हेसुद्धा ठाऊक नाही. रोज सकाळी रिकामे हात बघून माणूस निष्कर्ष काढतो की रात्री काहीच नव्हतं. एकदा ‘आपण स्वप्नं न पडणाऱ्यांतले’ असं ठरलं की सकाळी शोधायचं कारणही उरत नाही. स्वप्नांबद्दल आस्था असणाऱ्यांना ती जास्त आठवतात, हे पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

---

पहाटपाळी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. दोन आठवड्यांची चाचणी पुरते. साहित्य: हाताच्या अंतरावर कागद आणि पेन, आणि मंद दिवा, तोही असला तर. मोबाइल खोलीबाहेर. का, ते पुढे येईलच.

झोपताना स्वतःला एकच वाक्य सांगायचं: जाग आली की हलायचं नाही. ‘आज स्वप्न बघणार’ असं सांगून फार उपयोग नाही. बघण्यात कमतरता नाहीच, ते सकाळी पकडायचं आहे.

जाग आल्यावर पहिली दोन मिनिटं सगळं ठरवतात. डोळे उघडायचे नाहीत, कूस बदलायची नाही. ‘स्वप्न पडलं का?’ असं विचारू नका, त्याला ‘नाही’ हे उत्तर तयार असतं. विचारायचं असं: आत्ता या क्षणाआधी डोक्यात काय होतं? काही सापडत नसेल तर मनात उरलेली भावना चाचपायची. घाई होती? अवघडलेपण? कसली तरी मजा? भावना बहुतेकदा चित्रापेक्षा जास्त वेळ टिकते. मग जागा, मग माणसं. शेवटचा तुकडा सापडला की तिथून मागे जायचं, ‘त्याच्या आधी काय होतं?’ असं विचारत. पुढून सुरुवात शोधायला गेलात तर हातातला तुकडाही जातो. एवढं करून काही आलं नाही तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळून एकदा पुन्हा बघायचं.

लिहिताना आधी पाच-सहा सुटे शब्द. ‘जिना, ओलं, बहीण, किल्ली नाही.’ वाक्यं नंतर. पहिलंच वाक्य नीट लिहायला बसलं की ते पूर्ण होईपर्यंत बाकीचं उडून जातं. आवाज रेकॉर्ड करणं सोपं वाटतं, पण झोपेच्या गुंगीत पुटपुटलेलं नंतर बऱ्याचदा कळत नाही.

रोज नोंद करायचीच, काही नसलं तरी. तीन खुणा पुरतात: ‘स्वप्न’, ‘कोरं’, आणि ‘होतं पण गेलं’. ही तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. संशोधक याला पांढरं स्वप्न म्हणतात: काहीतरी चाललं होतं याची खात्री, आशय शून्य. स्वप्न पडत नाही म्हणणाऱ्यांच्या वहीत पहिल्या आठवड्यात बहुधा हीच खूण आधी येते. ती आली तरी मूळ प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळालंच.

सात दिवसांत काहीच हाती लागलं नाही तर गजराची युक्ती. झोप लागण्याच्या अंदाजे वेळेपासून सहा तासांनी किंवा साडेसात तासांनी एक गजर. आवर्तन सगळ्यांचं बरोबर दीड तासाचं नसतं, ७० पासून १२० मिनिटांपर्यंत काहीही असू शकतं, म्हणून नेम चुकू शकतो. उठल्यावर डोकं जड, आपण कुठे आहोत हेही कळेना असं झालं तर तुम्ही गाढ झोपेतून उठलात. पुढच्या वेळी गजर वीस-पंचवीस मिनिटं सरकवा. आठवड्यातून दोनदाच करा, आणि दुसऱ्या दिवशी लांबचं ड्रायव्हिंग असेल तर मुळीच नको. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी गजराशिवाय तास-दीड तास जास्त झोपणं हा सोपा आणि बिनत्रासाचा उपाय आहे. झोपायच्या आधी भरपूर पाणी पिऊन मधे जाग आणायची क्लृप्तीही लोक सांगतात. जाग येते, पण माणूस स्वप्न शोधण्याऐवजी थेट बाथरूम गाठतो.

आता मोबाइलचं कारण. कोहेन आणि वुल्फ यांनी १९७३ मध्ये एक साधा प्रयोग केला. एका गटाने उठल्याबरोबर फोन लावून हवामानाचा अंदाज ऐकायचा आणि टिपून ठेवायचा, मग स्वप्न लिहायचं. दुसऱ्याने तेवढा वेळ नुसतं पडून राहायचं. फोनवाल्यांत स्वप्नाचा आशय सांगू शकणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. दीड मिनिटाचं काम! आता तर उठल्या उठल्या निदान दहा मिनिटं स्क्रीनवर जातात.

एक धोका. वही भरू लागली की गाळलेल्या जागा नकळत भरल्या जातात. शंका असलेल्या तुकड्यापुढे प्रश्नचिन्ह घाला. आणि निद्रानाशाचा त्रास असेल तर हा सगळा खटाटोप करू नका. झोपेवर पहारा ठेवला की ती आणखी दूर पळते.

---

शंकासुर

वरचं बहुतेक मान्य, पण ‘प्रत्येकाला स्वप्न पडतंच’ हे वाक्य पुराव्याच्या पुढे पळतं. प्रयोगशाळेत वारंवार उठवूनही एकदाही काही न सांगणारी थोडी माणसं आढळली आहेत. ती विसरतात की त्यांच्या डोक्यात खरोखर काही नसतं, हे फक्त विचारून ठरत नाही. पॅरिसच्या रुग्णांवरून ‘निदान काहीजण विसरतात’ एवढं सिद्ध होतं, ‘सगळेच विसरतात’ हे नाही.

शिवाय स्वप्न खरोखर थांबल्याची उदाहरणं आहेत. १८८३ मध्ये शार्को आणि १८८७ मध्ये विल्ब्रांड यांनी वर्णन केलेल्या रुग्णांवरून या अवस्थेला शार्को-विल्ब्रांड लक्षणसमूह असं नाव पडलं. झुरिकमधून २००४ मध्ये नोंदवलेलं उदाहरण जास्त बोलकं आहे. ७३ वर्षांच्या बाईंना मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना पक्षाघात झाला. त्यांची स्वप्नं बंद झाली आणि सुमारे तीन महिने बंदच राहिली. तपासणीत रेम झोप मात्र नेहमीसारखी होती, त्यातून उठवूनही स्वप्न नाही. मार्क सोम्स यांनी अशा अनेक रुग्णांचा अभ्यास करून दोन जागा दाखवल्या: एक, मेंदूच्या बाजूच्या आणि मागच्या भागांचा सांधा, दुसरी, कपाळामागे खोल असलेला पांढऱ्या तंतूंचा पट्टा. रेम झोपेचं यंत्र मेंदूच्या देठात आहे, स्वप्न वर तयार होतं. एक शाबूत राहून दुसरं जाऊ शकतं.

यातून व्यवहारात एक फरक लक्षात ठेवावा. लहानपणापासून आठवत नाहीत, प्रकृती ठीक आहे: काळजीचं काही नाही. आधी नियमित आठवत होती आणि डोक्याला मार लागल्यावर, पक्षाघातानंतर किंवा नवं औषध सुरू झाल्यावर अचानक बंद झाली: डॉक्टरांना सांगायची गोष्ट. आणि स्वप्न आठवत नाही, पण शेजारी झोपणारा सांगतो की तुम्ही झोपेत ओरडता, लाथा मारता, तर वय पन्नाशीच्या पुढे असताना मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवाच. रेम निद्रावर्तन विकार हे कंपवातासारख्या आजारांचं कित्येक वर्षं आधी दिसणारं लक्षण असू शकतं.

---

अर्धजागा

सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. मनगटावरचा बँड रोज दीड तास रेम दाखवत असेल तर तो पुरावा धरायचा का? आणि जागेपणी डोळे मिटून ज्यांना चित्रच दिसत नाही, त्यांच्यात स्वप्न न पडणारे जास्त असतात का?

---

निद्रालेख

बँड मेंदूच्या लहरी मोजत नाही. हालचाल आणि नाडी यांवरून तो अंदाज बांधतो. झोप किती तास झाली हे तो बऱ्यापैकी सांगतो, टप्प्यांची विभागणी कच्ची असते. हलकी झोप आणि रेम यांत गल्लत होते, आणि निश्चल पडून जागं राहिलात तर तीही झोप धरली जाते. प्रयोगशाळेत डोक्यावर, डोळ्यांशेजारी आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड लावतात. हनुवटीवर का, तर रेममध्ये तिथला ताण नाहीसा होतो. ही खूण मनगटाला कळणार नाही.

आणि आकडा अचूक असता तरी तो रेमचा आहे, स्वप्नाचा नाही. शंकासुर यांनी दिलेलं झुरिकचं उदाहरण हेच सांगतं. उलट बाजूने, २०१७ मध्ये फ्रान्चेस्का सिक्लारी, ज्युलिओ तोनोनी आणि सहकाऱ्यांनी २५६ इलेक्ट्रोडची टोपी घालून लोकांना रात्रभर पुन्हा पुन्हा उठवलं. स्वप्न चालू असताना मेंदूच्या मागच्या पट्ट्यातल्या संथ लहरी कमी झालेल्या दिसल्या, झोप रेम असो वा नसो. आशय आठवत नसलेल्या पांढऱ्या स्वप्नांतही हीच खूण होती.

दुसरा प्रश्न. या स्थितीला ॲफँटेशिया हे नाव ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये दिलं. अशा लोकांत स्वप्नं कमी आठवण्याकडे कल दिसतो, पण त्यांच्यातल्या अनेकांना झोपेत चित्रं दिसतात. जागेपणी मुद्दाम चित्र आणणं आणि झोपेत ते आपोआप येणं या दोन वेगळ्या वाटा असाव्यात. जन्मांधांनाही स्वप्नं पडतात, ती आवाज, स्पर्श, वास यांची.

---

मात्रा

औषधांचं राहिलं, म्हणून थोडक्यात.

दारू रात्रीच्या पूर्वार्धात रेम दाबते. उत्तरार्धात रेम उसळून येतं आणि झोपही तुटते, त्यामुळे पिणाऱ्याला कधी काहीच नाही, कधी पहाटे भयंकर स्वप्न. चाचणीचे दोन आठवडे ती टाळा, नाहीतर वहीतल्या नोंदींना अर्थ नाही. गांजानेही रेम कमी होतं आणि रोजचं सेवन थांबवल्यावर काही दिवस स्वप्नांचा पूर येतो.

नैराश्यावरची बहुतेक औषधं रेम कमी करतात. आठवणाऱ्या स्वप्नांची संख्या घटते, जी आठवतात ती मात्र जास्त ठळक असू शकतात. केवळ या कारणासाठी ती औषधं स्वतःहून बंद करू नयेत. अचानक थांबवली तर स्वप्नं परत येतील, पण सोबत आजारही येऊ शकतो.

ब जीवनसत्त्वांपैकी बी-६ चा उल्लेख कुणीतरी करेलच. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली. पाच दिवस झोपण्यापूर्वी २४० मिलिग्रॅम बी-६ घेतलेल्यांना स्वप्नांचा आशय जास्त आठवला. पण रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि अमेरिकेतली सुरक्षित कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. युरोपने ती २०२३ मध्ये १२ वर आणली. जास्त मात्रा बराच काळ घेतली तर हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. पहाटपाळी यांची वही-पेन पद्धत आधी पूर्ण करा, ही गोळी नको.

आणि घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, सकाळी उठूनही दिवसभर पेंग येत असेल, तर आधी त्याची तपासणी. श्वास अडकण्याचे प्रसंग रेममध्ये वाढतात, आणि त्यामुळे नेमकी तीच झोप तुकड्यातुकड्यांनी मिळते.